भाऊबंदाची धार

मित्रांनो, कुरुळीत अंबूबाईच्या गोठ्याच्या दाराशी, वैरणीच्या ओंडक्याला टेकून उभा असलेला काळपट, झिजल्या पात्याचा म्हातारा कोयता म्हणजे मी. माझं आयुष्य सांगायचं तर खरं म्हणजे माझ्यापासून सुरुवात करायला हवी. पण मला ते जमत नाही. तोंड उघडलं की आधी तोच आठवतो. तो म्हणजे माझा भाऊबंद.

चाकणच्या रस्त्यावर लोखंडाची ओझी वाहणारा एक ट्रक होता. त्याच्या चाकांवर कमानीसारखा वाकलेला पोलादी पाटा होता. खड्डा आला की तो वाकायचा आणि पुन्हा ताठ व्हायचा. एके दिवशी तो तुटला आणि लोहाराकडे आला. लोहारानं त्याचे दोन तुकडे केले. एकातून मी झालो, दुसऱ्यातून तो. आम्हा दोघांना एकाच भट्टीत लाल केलं, एकाच ऐरणीवर ठोकलं आणि एकाच बादलीत बुडवून पाणी दिलं.

पाणी देणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. तापून लाल झालेलं पोलाद थंड पाण्यात चर्रकन बुडवलं की ते कडक होतं. त्याची धार टिकते. डोळ्यांना ते पाणी दिसत नाही, पण कोयत्याची सगळी किंमत त्यातच असते. पाणी उतरलं की कोयत्याच्या नावाखाली नुसती लोखंडाची पट्टी उरते.

तेव्हा अंबूबाई आणि तिची थोरली जाऊ केसरबाई एका चुलीवर जेवत. पुढे वाटणी झाली. भांडी वाटली, शेत वाटलं, शेवटी आम्ही दोघं उरलो. थोरलीचा मान म्हणून केसरबाईनं आधी हात घातला. तिनं मला उचललं, हातात तोललं, आणि खाली ठेवलं. मग त्याला उचललं आणि घरात घेऊन गेली. एवढंच झालं. पण तुम्हाला कुणी हातात घेऊन, वजन पाहून, परत खाली ठेवलं आहे का? ठेवलं असेल तर माझं दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी अंबूबाईकडे आलो. तिच्या वाट्याचं शेत म्हणजे दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये राहिलेली एक लांबट पट्टी. एका भिंतीमागे दिवसभर प्रेस धडधडतो, दुसऱ्या भिंतीवर काटेरी तार आहे. मधल्या त्या पट्टीत हत्तीगवत उसासारखं उंच वाढतं. सकाळी रात्रपाळी सुटल्याचा भोंगा झाला की अंबूबाई मला घेऊन तिथे शिरायची. बुंध्याशी एक घाव, की गवताचं ताट आडवं. नंतर गोठ्यातल्या ओंडक्यावर त्याचीच बारीक कुट्टी. मधूनच कुंपणाची बाभूळ तोडायची, खुंट फोडायचा, पावसाळ्यात वाट काढायची. जे विळ्याला झेपायचं नाही ते सगळं माझ्या वाट्याला.

आणि हे सगळं चंद्रीसाठी. चंद्री ही अंबूबाईची म्हैस. नवरा गेल्यानंतर अंबूबाईनं तिच्याच दुधावर घर उभं ठेवलं. पोराचं शिक्षण त्यातच झालं. आता पोराला नोकरी आहे, तरी अंबूबाईचा दिवस चंद्रीपासून सुरू होतो आणि चंद्रीपाशी संपतो.

गवत कापताना अंबूबाई गुणगुणायची.

*कोयता माझा बाई, वाऱ्यासंगं बोले*
*हिरव्या घासाचे ग, चंद्रीपुढं झेले*

‘माझा’ या शब्दावर तिचा घाव पडायचा. मित्रांनो, माझं कौतुक कुणी कधी फारसं केलं नाही, पण तो एक शब्द मला पुरायचा. दिवसभर पुरायचा.

तरी झिजलो मी. काटेरी तारेवर आपटून धारेला खांडं पडली. दगडावर घासून घासून पातं बोटभर अरुंद झालं. मुठीची बाभूळ हाताच्या घामानं काळी पडली आणि तिच्यावरची लोखंडी कडी सैल होऊन खुळखुळू लागली.

आणि माझा भाऊबंद? केसरबाईच्या वाटणीचं शेत कंपनीत गेलं. तिला कापायला काही उरलं नाही. तो तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असायचा. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा नारळ फोडायचा, की पुन्हा तेलाचा हात फिरवून खिळ्यावर. आमचं अंगण एकच. केसरबाईचं दार उघडं असलं की तो मला गोठ्यातून दिसायचा. जन्मला तेवढाच रुंद, तेवढाच गुळगुळीत. मी त्याच्याकडे पाहायचो आणि माझ्या खांडांमध्ये काहीतरी ठणकायचं.

खंडेनवमीला तर फारच. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी असते. त्यांना धुऊन, हळदीकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहतात. अंगणात दोन पाट मांडले जायचे. एकावर मी, एकावर तो. केसरबाई त्याच्यावरून पदर फिरवायची आणि माझ्याकडे पाहून म्हणायची, “अंबे, तुझ्या कोयत्याला दात आल्यात गं. चावंल फुलाला.”

“आक्का, कामाच्याला दात येत्यात,” अंबूबाई म्हणायची. “बसून खाणाऱ्याचं पोट सुटतं.”

उत्तर फक्कड होतं. पण फूल त्याच्या पात्यावर शोभत होतं आणि माझ्यावर शोभत नव्हतं, हे कुणालाही दिसत होतं.

अंबूबाईच्या मुलालाही ते दिसलं. प्रज्वल त्याचं नाव. कुरुळीतल्याच एका छोट्या फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये तो कामाला आहे. लोखंडी जिने, गेट, शेड असं काय काय बनवतो. मोठ्या मायेचा मुलगा. यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शॉपमध्ये मशिनींची साफसफाई होती. सगळे जण आपापली हत्यारं चकाचक करत होते. प्रज्वल सकाळी मला उचलून म्हणाला, “आई, यंदा आपला कोयता असा चमकवतो ना, मोठी आई बघतच राहील!”

मोठी आई म्हणजे केसरबाई. ते ऐकून माझं पातं आनंदानं थरथरलं. चल बाबा, म्हटलं, लवकर चल.

शॉपमध्ये त्यानं मला शिकंज्यात धरलं आणि ग्राइंडर लावला. काय त्या ठिणग्या! सोनेरी फुलबाज्यांसारख्या उडत होत्या. खांडं गेली, डाग गेले, वर्षानुवर्षांचा काळेपणा गेला. धारेला मात्र आग लागल्यासारखं झालं. प्रज्वल थांबला नाही. पाण्यात बुडवायचं त्याच्या ध्यानात आलं नाही, कारण गेटच्या पट्ट्या घासताना कुणी बुडवत नाही. शेवटी ग्राइंडर बंद झाला तेव्हा माझ्या धारेवर मोरपिसासारखी निळी झाक आली होती.

“लै भारी दिसतोय राव!” शेजारी काम करणारा बंटी म्हणाला. “निळी शेड कशी मारली भावा?”

“आपोआप आली,” प्रज्वल खूश होऊन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाटावर मी आरशासारखा झगमगत होतो. केसरबाई आली, वाकली, बघत राहिली आणि आपल्या पाटाकडे गेली. मित्रांनो, तो माझा सण होता. भाऊबंदाकडे मी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

दसरा झाला आणि आम्ही पट्टीत गेलो. अंबूबाईनं पहिला घाव घातला. गवताचं ताट कापलं गेलं नाही. चेंगरलं. तिनं पुन्हा घाव घातला. तिसऱ्या घावाला ते पिंजून तुटलं. तिनं मला उलटवून पाहिलं, पदरानं पुसलं, पुन्हा कामाला लागली. घरी येऊन दगडावर घासलं. अंगठ्याच्या नखाला धार लागत होती, पण पहिला भारा बांधून होण्याआधीच ती लोळायची. ग्राइंडरच्या आगीत माझं पाणी उतरलं होतं. मला कळत होतं. सांगणार कसं?

आणि इथेच घोटाळा झाला. अंबूबाईनं माझ्यावर संशयच घेतला नाही. पोरानं एवढ्या हौसेनं केलेला, एवढा लखलखीत कोयता! त्याच्यात खोट कशी असेल? मग खोट कुठे? तिला वाटलं, आपल्या हातात.

एका घावाच्या जागी ती तीन घाव घालू लागली. मनगट सुजलं. ती हळद-तेल चोळायची, फडकं बांधायची आणि पुन्हा मला उचलायची. गाणं बंद झालं. ‘माझा’ हा शब्द बंद झाला. चेंगरलेली, धागे निघालेली वैरण चंद्रीपुढं पडायची. ती तोंड लावून मान फिरवायची. दूध आटत चाललं.

एक दिवस अंबूबाई ओंडक्यापाशी मला खाली टेकवून बसली. प्रज्वल कामाला निघाला होता.

“आई, आता बास कर ना,” तो म्हणाला. “हात बघ कसा झालाय. मी आहे ना कमवता.”

“तू हाईस रं,” अंबूबाई म्हणाली. “पर हातातलं पाणी गेलं माझ्या. म्हातारी झाले मी. सांग त्या चिमाजीला. शनवारी बाजाराला जाताना टेम्पो घिऊन ये म्हणावं. न्हेऊ दे चंद्रीला.”

चिमाजी म्हणजे जनावरांचा दलाल. हे सांगताना तिनं चंद्रीकडे पाहिलं नाही. चंद्री मात्र तिच्याकडे पाहत होती. आणि मी दोघींच्या मध्ये पडून ओरडत होतो, पाणी माझं गेलंय, माझं! पण लोखंडाला ठोकल्याशिवाय आवाज येत नाही.

बातमी भिंतीपलीकडे गेली. दोन्ही घरांच्या चुली एकाच भिंतीला आहेत. सकाळी अंबूबाईनं भाकऱ्या उरकल्या आणि ती गोठ्यात आली, तोच केसरबाई अंगणात उभी. कमरेवर हात.

“काय गं, म्हस इकतीस म्हणं?”

“मंग काय करू आक्का? हात गेला.”

“कुटं गेला? आत्ता चुलीपाशी व्हता की!”

“थट्टा करू नगासा.”

“थट्टा न्हाई. रोज सकाळी तुझ्या भाकरीची थाप माझ्या भिंतीतनं ऐकू येती. माझ्या फळीवरच्या वाट्या वाजत्यात. हात गेलेल्या बाईची भाकर अशी वाजती व्हय? माझी वाजती का बघ. माझ्या भाकरीला आताशा मांजर बी दचकत न्हाई.”

अंबूबाईला हसू आलं नाही. ती आपलं मनगट धरून उभी राहिली. केसरबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो होता. माझा भाऊबंद.

“धर. ह्यानं कापून बघ.”

“तुमचा देवाचा कोयता आक्का…”

“देवाचा कसला? ह्याला हळदीबिगर काय ठावं हाय? ह्यानं बी न्हाई कापलं, तर हात गेला म्हण. मंग खुशाल इक म्हस. मी आडवी येनार न्हाई.”

अंबूबाईनं मला ओंडक्यावर ठेवलं आणि त्याला उचललं. मित्रांनो, तिनं मला ठेवलं आणि त्याला उचललं! मी गोठ्यात पडून त्या दोघींना आणि त्याला पट्टीकडे जाताना पाहत राहिलो. देवा, त्याची धार मोडू दे, असं मी म्हणालो. त्याला दगड लागू दे. त्याची मूठ निसटू दे. चंद्री माझ्या शेजारीच उभी होती, तिचं जाणं-राहणं त्याच्या धारेवर होतं, हे मला ठाऊक होतं. तरीसुद्धा म्हणालो.

थोडा वेळ नुसता प्रेसचा धडधडाट ऐकू आला. मग एक आवाज आला. सप्. एकच. मग दुसरा. सप्. एका घावाला एक ताट. सप्, सप्, सप्. इतका स्वच्छ आवाज माझ्याही तरुणपणी निघाला असेल की नाही, कोण जाणे.

आणि मग त्या आवाजावर गाणं आलं.

*कोयता माझा बाई, वाऱ्यासंगं बोले…*

त्याला ‘माझा’ म्हणाली ती. माझा शब्द, मित्रांनो. माझ्या घामाचा, माझ्या खांडांचा शब्द तिनं त्या खिळ्यावरच्या पाहुण्याला दिला. भट्टीत मला एवढं भाजलं नव्हतं.

अंबूबाई परत आली ती भारा डोक्यावर घेऊन, जवळजवळ पळतच. “आक्का, हात हाय! हात हाय माझा!” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चंद्रीनं ताजं, सरळ कापलेलं गवत हुंगलं आणि खायला सुरुवात केली.

केसरबाईनं तेव्हा मला उचललं. वाटणीनंतर पहिल्यांदाच. उजेडात धरून धारेवरची निळी झाक पाहिली.

“ह्यो आजारी हाय गं,” ती म्हणाली. “टाकू नगंस. दवाखान्यात ने.”

आमचा दवाखाना म्हणजे आळंदी फाट्याच्या कडेला पडलेली लोहारांची पालं. शुक्रवारी प्रज्वलनं अर्धी सुट्टी काढली. मला गोणीत गुंडाळून अंबूबाई गाडीवर त्याच्या मागे बसली. वाटेत पोलिसांनी गाडी अडवली.

“मावशी, गोणीत काय आहे?”

“कोयता हाय.”

हवालदार दोन पावलं मागे सरकला. हल्ली टवाळ पोरं आमच्या जातीला हातात घेऊन रस्त्यावर नाचतात, त्यामुळे आमचं नाव फार वाईट झालं आहे. शेजारून भाजीवाल्याचा गाडा गेला. त्याच्यावरच्या सुरीला कुणी हटकलं नाही. तिचाही मला हेवा वाटला.

“कशाला नेताय?” हवालदारानं विचारलं.

“पाणी द्यायला.”

“कोयत्याला पाणी?”

“साहेब, माझ्या म्हशीचा घास कापतो त्यो. तुमी रोज च्या पिता न्हवं? दूध कुटनं येतं मंग?”

हवालदार हसला. “नीट गुंडाळून न्या मावशी,” म्हणाला आणि त्यानं जाऊ दिलं.

पालासमोर भट्टी पेटलेली होती. लोहार सांडशी धरून बसला होता आणि त्याची बायको जयमाला घण मारत होती. तिनं मला पाहिलं आणि धारेवरून बोट फिरवलं.

“पाणी उतरलंय मावशे. चाकावर भाजलाय.”

प्रज्वलचा चेहरा पडला. “माझ्याच हातनं झालं. चमकवायला गेलो होतो.”

“होतं की दादा,” जयमाला म्हणाली. “आमच्या ह्यांनी तर सासऱ्याचीच कुऱ्हाड भाजली व्हती लग्नात, मान मिळवायला. अजून माझा बा ह्यांना जावई म्हणत न्हाई.”

लोहार भट्टीत बघत होता, पण त्याच्या मिशा हलल्या.

मग मला आत घातलं. किती वर्षांनी पुन्हा ती आग! माझी भाजलेली कड छिन्नीनं उतरवली. घण पडू लागला. प्रत्येक घावाला मी लहान होत होतो आणि घट्ट होत होतो. लाल झालो तेव्हा धार तेवढी पाण्यात बुडवली. चर्रर्र झालं. बाहेर काढून लोहार माझ्या पात्यावर रंग चढताना पाहत राहिला. गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग धारेशी आला, त्याच क्षणी मला पुन्हा बुडवलं. पाणी आलं. अंगभर आलं.

प्रज्वलनं मुठीसाठी नवी कडी शॉपमधून स्वतः वळून आणली होती. लोहारानं ती बसवली, दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाला, “कडी झ्याक केलीस.” प्रज्वलचा चेहरा पुन्हा वर आला.

मी आता आणखी अरुंद झालो आहे, आणखी काळा. चमक उरलेली नाही. पण शनिवारी सकाळी चिमाजीचा टेम्पो अंगणात आला, तेव्हा ओंडक्यावर माझा आवाज घुमत होता. कच, कच, कच.

“वैनी, म्हस सोडताय ना?” चिमाजी म्हणाला. “बाजाराला उशीर होतोय.”

अंबूबाईनं मान वर केली नाही. “भावजी, म्हस कुटं न्हाई जायाची. च्या घेऊन जावा.”

“अहो, पण हात गेला म्हणत होता तुम्ही!”

“गेला व्हता. आला परत.”

रिकामा टेम्पो वळून गेला. चंद्रीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती खात होती.

आणि मग जे झालं, ते मला मुळीच नको होतं. केसरबाई पदर खोचून अंगणात आली. हातात तो. “अंबे, काल त्यो खिळ्यावर नीट बसंना. आन् मी बी घरात बसून कटाळले. चल, मी बी येते पट्टीत. दोघी मिळून कापू.”

“आक्का, तुमच्यानं व्हईल का?”

“तुझ्या म्हशीचा च्या पिते मी फुकट. व्हईल न व्हईल बघू की!”

तेव्हापासून आम्ही दोघं रोज बरोबर जातो. पहिल्याच आठवड्यात तो काटेरी तारेवर आपटला आणि त्याला खांड पडलं. मी मनातून हसणार होतो. पण अंबूबाईनं त्याला मांडीवर घेतलं आणि दगडावर इतक्या हळुवार हातानं घासलं, की मला त्या खांडाचाही हेवा वाटला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी, आई असेल, आजी असेल, कधीतरी म्हणेल, ‘आता माझ्याच्यानं होत नाही.’ तेव्हा लगेच हो म्हणू नका. आधी त्यांच्या हातातली वस्तू हातात घेऊन पाहा. विळीला धार आहे का, कात्रीचा खिळा सैल आहे का, चष्म्याची काच घासली आहे का. आम्ही वस्तू बोलत नाही. आमचं दुखणं माणसं आपल्या अंगावर घेतात आणि उगाच म्हातारी होतात. आम्हाला चमक नको. आमचं पाणी तेवढं राखा.

माझ्यापुरतं विचाराल, तर मी सुखात आहे. फक्त रोज सकाळी दोघी जावा गोठ्यापाशी येतात, आम्ही दोघं ओंडक्याला टेकून शेजारी शेजारी उभे असतो, अंबूबाई वाकते आणि हात पुढे करते. तो हात मुठीवर पडेपर्यंत माझा जीव धारेवर असतो. बहुतेक वेळा ती मलाच उचलते. बहुतेक वेळा.